दोन गावांच्या काचा

पेंटर गेले, ही बातमी मला दुधाच्या ट्रकच्या ड्रायव्हरने दिली. सकाळची वेळ होती. आमच्या शीतकरण केंद्राच्या ओट्यावर कॅन उतरत होते आणि कॅन सरकवता सरकवता तो म्हणाला, "संगमनेरचे मुकुंद पेंटर गेले काल. तुमच्या वळखीचे हुते ना?" मी "व्हय, हुते" म्हणालो आणि पुढच्या कॅनचं झाकण उघडून वास घेतला. इतक्या वर्षांत माझं नाक तयार झालेलं आहे, नासकं दूध झाकण पुरतं उघडायच्या आत कळतं. त्या दिवशी मात्र दोन कॅन माझ्या नाकाखालून तसेच पुढे गेले आणि आतल्या तपासनीसाने ते परत पाठवले. तो माझ्याकडे बघत राहिला. 

'ओळखीचे' हा शब्द मला दिवसभर टोचत राहिला. आज आमच्या गावात जे केंद्र आहे, डोंगराकडच्या वाड्यांचं दूध जिथं थंड करून पुढे पाठवलं जातं, ते मुकुंद पेंटरांनी रंगवलेल्या सहा काचांमुळे आलं. गावात ही गोष्ट कुणाला ठाऊक नाही, कारण मी ती कुणाला सांगितली नाही. सेक्रेटरीनं, म्हणजे मी, नगरला जाऊन साहेबांना पटवलं, असंच लोक म्हणतात, आणि मीही ऐकून घेतो. त्या माणसाशी मी पंधरा वर्षं बोललो नव्हतो. आता ते गेल्यावर लिहायला बसलोय, यात मोठेपणा काही नाही हे मला कळतं.

पेंटर तसे दुकानांच्या पाट्याही रंगवत, पण त्यांचा हात खरा बसलेला होता तो टॉकीजच्या काचांवर. पिक्चर सुरू व्हायच्या आधी आणि मध्यंतरात पडद्यावर गावातल्या दुकानांच्या जाहिराती दिसायच्या, त्या काचेवर हाताने केलेल्या असत. तळहाताएवढी काच घ्यायची, तिच्यावर काळी शाई चढवायची, वाळली की सुईने अक्षरं कोरायची, आरपार दिसतील असे रंग भरायचे, वर दुसरी काच ठेवून कडेने कागदी पट्टी डकवायची. पडद्यावर ती भिंतीएवढी व्हायची. सुई धरलेला हात थोडा हलला असेल तर तो हललेला हातही भिंतीएवढा दिसायचा. पेंटर बारीक अंगाचे, कायम पांढऱ्या लेंग्यात, उजव्या अंगठ्याचं नख कायम काळं. बोलायचे कमी, आणि बोलले की समोरचा जरा दुखावेल असंच बोलायचे. मला ते पहिल्याच दिवशी आवडले होते असं मी म्हणणार नाही.

चौऱ्याहत्तरचा उन्हाळा होता. दुष्काळ नुकताच सरला होता. छावणीतून परत आलेली जनावरं लोकांनी पुन्हा घरच्या दावणीला बांधली होती आणि दुधाची संस्था निघून फार दिवस झाले नव्हते. मी तिचा सेक्रेटरी. वाड्यांवरचं दूध कुणी सायकलवर, कुणी डोक्यावर आमच्या गावात आणायचं, तिथून ट्रक ते डेअरीवर न्यायचा. ट्रक पोचेपर्यंत ऊन चढायचं आणि आठवड्यातून दोन-तीनदा तरी कॅन नासले म्हणून परत यायचे. ते दूध ओढ्यात ओतावं लागे. दुष्काळात पाला ओरबाडून ज्या बाईने गाय जगवली, तिच्या डोळ्यांदेखत तिचं दूध ओढ्यात ओतायचं... मी तिथं थांबत नसे, ऑफिसात जाऊन बसायचो. दूध वाटेतच थंड करायची सोय झाली तरच संस्था टिकणार होती. तसं केंद्र आमच्या भागात एकच मंजूर व्हायचं होतं आणि मागणारी गावं दोन होती. एक आमचं, दुसरं नदीपलीकडचं, हमरस्त्यावरचं. दोन्ही गावांच्या सेक्रेटऱ्यांनी नगरला येऊन समितीपुढे आपापली बाजू थोडक्यात मांडावी, असं पत्र आलं. आमचे चेअरमन म्हणाले, "पडद्यावर दावा काय दावायचं ते. तोंडानं तुमी घोळ घालता." ते खरं होतं. म्हणून मी पेंटरांकडे गेलो.

जाताना चार फुलस्केप कागद घेऊन गेलो होतो, दोन्ही बाजूंनी भरलेले. सभासद किती, गाई किती, म्हशी किती, कोणत्या वाडीचं दूध किती, फॅट किती, संस्थेचा इतिहास, पुढची योजना. पेंटरांनी चारही कागद शांतपणे वाचले. मला वाटलं, प्रभाव पडला.

"हे समदं काचंवर पायजे?"

"समदं. आठ-दहा काचांत बसवा."

"बसंल की," ते म्हणाले. "मुंगीएवढं अक्षर काढतो मी. पण वाचनार कोन?"

त्याच दिवशी संध्याकाळच्या खेळाला त्यांनी मला टॉकीजमध्ये नेलं. पिक्चर कोणतं होतं ते आठवत नाही, कारण ते बघायला मिळालंच नाही. पडद्याच्या अगदी खाली, लोकांकडे तोंड करून त्यांनी मला उभं केलं आणि म्हणाले, पडदा बघू नका, माणसं बघा. जाहिरातींच्या काचा सुरू झाल्या. एका कापड दुकानाची काच आली, त्यात दुकानाची तीन पिढ्यांची माहिती होती. लोक शेंगा सोलत होते, जागा शोधत होते, मागे वळून कुणाला तरी हाका मारत होते. मग बियाण्याच्या दुकानाची काच आली. त्यात एक मोठा लाल कांदा आणि खाली दुकानाचं नाव, एवढंच. आणि माझ्या समोरच्या बाकावरचा एक म्हातारा शेंगा सोलायचा थांबला, शेजारच्याला कोपराने ढोसून म्हणाला, "कांदा बघ, कांदा." पेंटर माझ्या कानाशी म्हणाले, "साहेब लोक शेंगा खात न्हाईत. बाकी तेबी असंच बसत्यात." परत येताना मी ते चार कागद घडी करून खिशात ठेवले. अपमान झाल्यासारखं वाटत होतं आणि पटलंही होतं.

पुढचे दोन आठवडे मी जवळजवळ रोज त्यांच्याकडे जात होतो. ते मला एकच प्रश्न विचारायचे, ही काच बघून साहेबांनी मनात काय म्हणायचं? ते मला एका दमात सांगता आलं नाही, की ते सुई खाली ठेवून चहा मागवायचे. एका काचेवर एक गोष्ट, यावर ते हटून बसायचे आणि मी दर वेळी दुसरी गोष्ट मागच्या दाराने आत घुसवायला बघायचो. आकड्यांचा एक मोठा तक्ता मी त्यांना करायला लावला होता, तेवढी तरी काच असू द्या म्हणून. त्यांनी ती मन लावून केली, एक अक्षर वाकडं नाही, आणि मग माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता ही घरी न्या, आरशापाशी ठेवा. तुमालाच बघायला." ती अजून माझ्याकडे आहे.

झालेली काच बरोबर आहे की नाही, हे ठरवायची त्यांची रीत निराळी होती. दुकानाच्या उंबऱ्याशी एक मावशी भाजी विकायला बसायची. काच झाली की पेंटर ती उजेडासमोर धरायचे आणि तिला विचारायचे, "मावशे, काय दिसतंय?" आपण काही सांगायचं नाही, सुचवायचं नाही. तिला अक्षरओळख नव्हती. ती चुकली तर पेंटर तिच्यावर चिडत नसत, काच ओल्या फडक्याने पुसून पुन्हा शाई चढवत. आमची तिसरी काच, सगळी मदार तिच्यावर होती. डावीकडे डोंगर, त्याच्या कडेला उगवता सूर्य आणि खाली दुधाचा कॅन. तिथून निघालेला रस्ता, आणि उजव्या टोकाला डेअरी, तिच्या बरोबर डोक्यावर सूर्य. अक्षर एक नाही. ही काच तीनदा पुसली. पहिल्यांदा मावशीला तो सूर्य भाकरी वाटली, मी हसलो, पेंटर हसले नाहीत. चौथ्या खेपेला तिने काच हातात घेतली, डोळे बारीक केले आणि म्हणाली, "दूध चाललंय जनू. पर इतक्या उनाचं? नासंल की वो!" पेंटरांनी माझ्याकडे बघितलं. मला त्या क्षणी रडू येईल की काय असं वाटलं. माझ्या चार फुलस्केप कागदांत हे वाक्य कुठंच नव्हतं.

आमचं बिनसलं नसलं तरी पहिला खडा तिथंच लागला, पाच काचा झाल्यावर. मला सहावी हवी होती पलीकडच्या गावाबद्दल. त्या गावाच्या दुधात पाणी असतं, असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे. मी म्हणालो, एक कॅन दाखवा आणि त्यात ओतली जाणारी घागर. नाव घालू नका, साहेबांना समजेल. पेंटर सुई पुसत होते. म्हणाले, "तुमच्या गावाचं काय सांगायचं ते सांगा, रात म्हननार न्हाई दिस म्हननार न्हाई, करून देतो. दुसऱ्याच्या तोंडाला काळं फासायला माझी काच न्हाई." मी म्हणालो, पण हे खरं आहे. "आसंल. त्येंचं त्येंनी सांगावं." मी फणकाऱ्याने उठलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा सहावी काच तयार होती. आमच्या गावाच्या मधोमध केंद्राची इमारत, आणि सगळ्या वाड्यांच्या पायवाटा तिच्याशी येऊन मिळालेल्या. ती माझ्या घागरीपेक्षा चांगली होती, हे मी कबूल केलं नाही.

नगरला आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. पेंटरांनी एका शाळेच्या भंगारातून घेतलेला जुना प्रोजेक्टर दुरुस्त केला होता. तो पेटीत घालून वाटभर मांडीवर धरला होता, खिडकीशी बसा म्हटलं तरी बसले नाहीत, पेटीला ऊन लागेल म्हणून. मला एवढंच बजावलं, "काच लागली की तुमी गप बसायचं. त्येंचं बघून होऊ द्या. काच बोलंल, मग तुमी." हॉलवर पोचलो. खिडक्यांना सतरंज्या लावून अंधार केला होता. पलीकडच्या गावाचे सेक्रेटरी नामदेवराव आधीच येऊन बसले होते, त्यांची पाळी पहिली होती. त्यांच्या हातात कागद नव्हता, पिशवी नव्हती, काही नव्हतं. मला बरं वाटलं. आणि मग पेंटर वाकले, पेटीच्या तळातून दुसरी डबी काढली आणि नामदेवरावांची पहिली काच लावली.

पलीकडच्या गावाच्या काचाही त्यांनीच केल्या होत्या. एकेक काच येत गेली. काळा सरळ हमरस्ता, त्यावर ट्रक, ट्रकच्या मागे केंद्र. मग विजेचा खांब. मग नळ. सुईची रेघ तीच, रंग तेच, एका काचेवर एक गोष्ट. समितीतले लोक पुढे झुकून बघत होते. हातचं राखून केलंय असं कुठं तरी सापडावं म्हणून मी शोधत होतो, सापडलं नाही. त्या काचाही मावशीला दाखवून झाल्या असणार, हेही माझ्या मनात आलं. मग माझी पाळी आली. काय बोललो ते मला धड आठवत नाही. तिसरी काच लागली तेव्हा मात्र पेंटरांनी सांगितल्याप्रमाणे मी गप्प बसलो. रागाने म्हणा, शहाणपणाने म्हणा, तोंडच उघडेना. आणि समितीतले एक वयस्कर साहेब आपण होऊन म्हणाले, "म्हणजे दूध पोहोचतं ते भर दुपारी?" बाकीचे त्यांच्याकडे वळले, आपसात बोलू लागले. मला विशेष काही सांगावं लागलं नाही.

स्टँडवर मी पेंटरांना गाठलं. पेटी बाकावर ठेवून ते पाणी पीत होते.

"तुमी मला सांगितलं का न्हाई?"

"तुमचं त्येंला सांगितलं न्हाई," ते म्हणाले. "मग त्येंचं तुमाला कसं सांगू?"

"पन मी तुमच्याकडं रोज येत हुतो, पेंटर. तुमच्या घरात जेवलो मी."

"ते बी येत हुते. तुमी सकाळी, ते सांजचे."

मी त्यांना दोन्हीकडून जेवणारा माणूस म्हणालो. आणखीही बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्टँडवरचे लोक बघायला लागले.  पेंटरांनी पेटी उचलली आणि एसटीत जाऊन ती मांडीवर घेऊन बसले. मी पुढच्या गाडीने आलो.

महिन्याभराने पत्र आलं. केंद्र आमच्या गावाला मंजूर झालं होतं. गुलाल उधळला, मला खांद्यावर घेतलं. उद्घाटनाची निमंत्रणं मी स्वतः माझ्या हाताने लिहिली आणि त्यात मुकुंद पेंटरांचं नाव घातलं नाही. विसरलो नव्हतो. मुद्दाम घातलं नाही. आपण जिंकलो ते त्यांनी दगा देऊनही जिंकलो, असा माझा हिशेब होता, आणि तो मला सोयीचाही होता. नंतर बाजारात ते कधी समोर आले तर आधी हात उचलायचे. मी दुसरीकडे बघायचो. काही वर्षांनी त्यांनी हात उचलायचं सोडलं. मग टॉकीजमध्ये काचांच्या जागी फिल्मवरच्या जाहिराती आल्या, ते पुन्हा पाट्याच रंगवू लागले असं कानावर आलं. मी चौकशी केली नाही.

पंधराव्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. दहाव्याला जायचं धाडस झालं नव्हतं. दुकानाच्या मागेच घर, एक मोठी खोली आणि आत चूल. खिडकीच्या चौकटीत त्यांनी कोऱ्या काचांची चळत ठेवलेली होती, शेजारी पितळी पेल्यात सुया, टोकं वर करून, जाडीप्रमाणे लावलेल्या. पेंटरांच्या बायकोनं, सुशीलावहिनींनी, काही हलवलं नव्हतं. मी बसलो तेवढ्यात आतून चहाचा कप घेऊन एक म्हातारा बाहेर आला. नामदेवराव. पेंटरांच्या आजारपणात ते नेहमी येत होते, असं वहिनी म्हणाल्या. आम्ही दोघं म्हातारे एका सतरंजीवर बसलो. बोलायला काही नव्हतं, म्हणून मीच विषय काढला, की तुमच्याही काचा छान होत्या.

"व्हत्या की," नामदेवराव म्हणाले. "पर मला पायजे ती एक न्हाई केली त्येंनी."

"कुठली?"

"तुमच्या फरशीची."

आमच्या गावात यायला नदीवर तेव्हा बुटकी फरशी होती. पावसाळ्यात पूर आला की तिच्यावरून पाणी जायचं आणि एकेक दिवस ट्रक अडकायचा. समितीतल्या कुणी आमच्याकडे पावसाळ्यात येऊन पाहिलं नव्हतं. साहेबांनी मला रस्त्याचं विचारलं होतं तेव्हा मी "रस्ता हाय, साहेब" एवढंच म्हणालो होतो. मंजुरीनंतरच्या पहिल्याच पावसात दोन दिवसांचं दूध आमच्याकडे अडकलं, ते मी कधी विसरलो नाही. उंच पूल पुढे तीन वर्षांनी झाला.

नामदेवराव सांगत होते, "मी म्हनलं, पेंटर, फरशी दावा, वरनं पानी दावा, मधी ट्रक. येवढी एक काच लागली की संपलं त्येंचं. आन् ते खोटं बी नव्हतं. तर म्हनले, तुमच्या गावाचं सांगा, ते करून देतो. दुसऱ्याच्या गावाचं न्हाई करनार. म्या लई भांडलो. उठून गेल्तो."

"मग तोंडानं का न्हाई सांगितलं साहेबांना?"

"साहेबांपुढं तोंड उघडत असतं तर काचा कशाला केल्या असत्या?" ते हसले. "तुमी तरी कुठं बोलला?"

मी कप खाली ठेवला. ती एक काच लागली असती तर केंद्र पलीकडे गेलं असतं, यात मला काही शंका नाही. माझ्या घागरीला जे उत्तर मिळालं, तेच त्यांच्या फरशीला मिळालं होतं, आणि पहिलं तेवढं मला माहीत होतं. मी वहिनींना म्हणालो, "वहिनी, मी चुकलो. लई चुकलो. पेंटरांनी हे मला कधी सांगितलं का न्हाई?"

वहिनी दाराला टेकून उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या, तेवढं तरी मला मिळालं.

"मी म्हनायची त्येंला, भाऊजी. आता निकाल लागला, केंद्र झालं, आता सांगायला काय हाय. तर म्हनायचे, सेक्रेटरीनं विचारलं तर सांगीन."

मी विचारलं नव्हतं. पंधरा वर्षं दर आठवड्याला बाजाराला संगमनेरला जात होतो, त्यांच्या दुकानावरूनच, आणि रस्त्यापासून वर चढायला तिथं दोनच पायऱ्या आहेत.